देव्हाऱ्याचं कलम

धाराशिव,
६ फेब्रुवारी २०२५

ती. तात्यांना,
अर्पिताचा साष्टांग नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. जन्मभर इतिहासाचे पेपर तपासलेत. हाती आलेला कागद वाचल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही.

इकडं सगळे मजेत. आईनं रुखवतात साखरेचा परंड्याचा किल्ला केलाय, तोफेसह. बुरूज जरा कललाय, पण तुमच्या वहिनीला सांगणार कोण?

सुपारीच्या दिवसाची गंमत अजून चालू आहे. मल्लिनाथचे मित्र तुमची नक्कल करतात : "पोर्तुगालची राजकन्या इंग्लंडला दिली. आंदणात मुंबई दिली! तरी कॅथलिक म्हणून ती परकीच. राजाला इख घालती म्हणून आळ घेतला. आमच्या पोरीची तुळजाभवानी तुमच्या देव्हाऱ्यात बसंल का न्हाय, आत्ताच सांगा!" त्यावर मल्लिनाथचे वडील माणिकप्पा म्हणाले, "आमच्यात लिंगपूजा. दुसरा देव न्हाय." मग तुम्ही चहा तसाच ठेवून परंड्याची एसटी धरलीत.

आता खरी बातमी. परवा मंगळवारी मल्लिनाथच्या आजीनं, लक्ष्मम्मांनी, मला त्यांच्या घरी आळंदला बोलावून घेतलं. स्वयंपाकघरात नेलं, ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि चांदीचा टाक बाहेर काढला. तुळजाभवानीचा! माहेरच्या आईनं लग्नात गुपचूप दिलेला. साठ वर्षं ती देवी ज्वारीत बसून होती. म्हातारी दर मंगळवारी ज्वारी मोजते म्हणून घरचे चिडवायचे. ती पूजा करत होती.

"त्या मास्तरांनी इचारलं, ते माझ्या बापानं इचारायला पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. मग माणिकप्पांना हाक मारली. "जल्मल्यापासनं हिच्याच डब्यातली भाकर खाल्लास. बाटलास का रे?"

 माणिकप्पांनी देव्हाऱ्यातली विभूतीची वाटी सरकवून जागा केली. लक्ष्मम्मा हसत होत्या, रडत होत्या, मधेच कानडीत कुणाला तरी शिव्या देत होत्या. मी तर नुसती नाचायची बाकी होते.

तर तात्या, तुमचं देव्हाऱ्याचं कलम मंजूर. सुपारीत तुम्ही घातलेलं मटणाचं मात्र नामंजूर; लिंगायताच्या चुलीवर ते शिजायचं नाही. ते मी माहेरी येऊन खाईन.

एक राहिलं. तुम्ही माणिकप्पांच्या बोलण्यावरून गेलात, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. दारात मी तुम्हाला म्हणाले, "माझे बाप असल्यासारखं वागू नका. लग्नाला नाही आलात तरी चालेल." मी चार वर्षांची असताना बाबा गेले; तेव्हापासून प्रगतिपुस्तकावर पालकाची सही तुमचीच. मला लाज वाटली होती तुमची, तात्या. आता माझीच वाटते. माफ करा.

त्या दिवशी बोलताना तुमचा एक हात सारखा कोटाच्या खिशात होता. खिशात काय होतं, ते आईनं मला काल सांगितलं. तुळजापूरहून माझ्यासाठी घडवून आणलेला टाक.

हे फोनवर कळल्यापासून लक्ष्मम्मांची एकच अट आहे : "तुझी देवी त्या मास्तरांनीच हातानं आणून माझ्या देवीशेजारी ठेवायची. दुसऱ्या कुणी आणली तर दारातनं माघारी."

लग्न दोन मार्चला. माझी देवी तुमच्या खिशात आहे. तिला घेऊन या.

तुमचीच मुलगी,
अर्पिता