रोज एकेक फरशी

ती. आई, लांबूनच पाया पडते.

नव्या घरात मी रुळले आहे, काळजी करू नकोस. माझ्या मनीला पाहून यांच्या मुलीचा बोका अंगावरच धावून आला होता. मुलगी म्हणाली, "काकू, घर त्याचं आहे."

मी भांडले नाही. मनीला वेगळ्या खोलीत ठेवलं, दाराच्या अलीकडे-पलीकडे दोघांच्या वाट्या मांडल्या आणि रोज एकेक फरशी दाराकडे सरकवल्या. महिना लागला. आज दार उघडलं, तर दोघं मिशीला मिशी लावून जेवली! शेवटी लेक कुणाची?

तुझा गुडघा कसा आहे?

मुलगी रोज ताट घेऊन तिच्या खोलीत जाते. आज मात्र टेबलापाशी बसली, माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून. मी घाई करणार नाही.

तुझीच,
हट्टी पोर