दुधीला घातलेलं झबलं

प्रिय चैताली,

रविवारी तू चहा अर्धा टाकून गेलीस, तो मी नंतर कुंडीत ओतला. कुंडीतल्या झाडाचं बरं चाललंय, तुझं काय ते कळत नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि बिबवेवाडीहून हिंजवडीला येऊन तुझी समजूत काढायची म्हणजे त्या ट्रॅफिकमध्ये माझंच डोकं फिरायचं. म्हणून पत्र. विश्वजीतच्या पिशवीत नारळाच्या वड्यांच्या डब्याखाली ठेवते आहे. वड्या आधी खा. सासूचं लिहिलेलं रिकाम्या पोटी वाचू नये.

टॉवेल काढायला तू माझं कपाट उघडलंस आणि इवल्या इवल्या झबल्यांची चळत तुझ्या अंगावर आली. तुझा चेहरा मी पाहिला गं. सहावा महिना लागला तरी बाळासाठी कुणी टाचणीसुद्धा आणायची नाही, डोहाळजेवणाचं नाव काढायचं नाही, अशी तुझी ताकीद. आणि ही बाई चोरून शिवत बसली आहे! तसंच वाटलं ना तुला? मला तिथल्या तिथे खरं सांगता आलं असतं. पण खरं ऐकून तू जास्तच घाबरशील या विचाराने माझी दातखीळ बसली. माझी! तुझे सासरे तर कपात असे टक लावून बसले होते, जणू त्यात पेपर छापून आला होता.

तर खरं सांगते. ती झबली तुझ्या बाळासाठी नाहीत. जी बाळं फार लवकर येतात आणि थांबत नाहीत, त्यांच्यासाठी आहेत. एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. आणि त्यांच्या मापाचं अख्ख्या बाजारात काही मिळत नाही. मागच्या खेपेला तुझी पहिली लेक, आपली मुलगी गेली, त्यानंतर थोड्या दिवसांनी मी त्या हॉस्पिटलात मुक्ताई सिस्टरांना भेटायला गेले होते. खूप माया केली होती त्यांनी आपल्यावर. त्या बोलता बोलता म्हणाल्या की अशी बाळं बँडेजच्या कापडात गुंडाळून हातात द्यावी लागतात, आईबापांकडे बघवत नाही. मी म्हटलं, माप सांगा, मी शिवते. चैताली, पत्र मिटू नकोस. हे रडगाणं नाही, पुढे वाच.

सिस्टरांनी लांबी सांगितली, वजन सांगितलं, पण कागदावरच्या आकड्यांना झबलं बसतंय की नाही हे कळणार कसं? तेव्हा ह्यांनी डोकं चालवलं. तडक मार्केट यार्डात गेले, दुधी भोपळा आणायला. तिथे एक दुधी कोण देतो? व्यापारी म्हणाला, गोणी घ्या. हे अडून बसले. वर तो कोवळा हवा, एवढ्याच लांबीचा हवा, वाकडा नको. शेवटी त्या माणसाने हात जोडून फुकट दिला. संध्याकाळी वरच्या मजल्यावरची नम्रता विरजण मागायला आली, तर डायनिंग टेबलावर दुधी झबलं घालून पडलाय आणि हे त्याच्या हनुवटीखाली टोपड्याचे बंद बांधताहेत! बिचारी विरजण न घेताच पळाली. मी मागोमाग वर जाऊन सगळं समजावलं, तर दुसऱ्या दिवशी स्वतःची साखरपुड्याची साडी घेऊन आली, म्हणाली, कापा हिला, नाहीतरी डांबरगोळ्या खात पडली आहे. आणि त्या दुधीची भाजी करायची माझी काही छाती होईना. हे म्हणाले, मग हलवा कर. मी नुसतं बघितलं. शेवटी गाईला घातला, तोही टोपडं काढून.

आता दर गुरुवारी दुपारी आपल्या हॉलमध्ये बिल्डिंगमधल्या बायकांची शिवणाची मशीनं लागतात. आम्ही सुतकी चेहऱ्याने बसत असू असं तुला वाटेल. छे! असा धुडगूस असतो की खालचे हिंमतराव दार वाजवून विचारतात, लग्न कुणाचं आहे. झबलं पाठीवर पूर्ण उघडं ठेवायचं, कारण ते नाजूक हात बाहीतून ओढून काढायचे नसतात. बटण नाही, हूक नाही, नुसते रिबिनीचे बंद. रिबिनी कापून त्यांची टोकं मेणबत्तीवर भाजायचं काम ह्यांच्याकडे. एकदा मिशीचंही एक टोक भाजून घेतलं. कधी कधी मध्येच कुणाचं तरी मशीन थांबतं. मी उठून चहा टाकते.

आणि दिवाळीनंतर एक भलताच घोटाळा झाला. एका नव्या नर्सने आमच्या गठ्ठ्यातलं झबलं उचललं आणि काचेच्या पेटीतल्या जिवंत मुलीला घातलं! किलोभराचीसुद्धा नव्हती ती. दुसरं काही तिला होईना, आणि हे पिवळ्या बुट्ट्यांचं छान दिसलं म्हणे. सिस्टरांचा फोन आला. मी ओरडलेच, काढा आधी ते! पण तिची आई काढू देईना. वाघोलीची आम्रपाली म्हणून मुलगी आहे, तुझ्याच वयाची. इतके दिवस नळ्यांमध्ये पडलेलं आपलं लेकरू तिने पहिल्यांदा माणसासारखं नटलेलं पाहिलं, आणि ती हसली. सिस्टरांनी तिला सगळं खरं सांगितलं. तर ती म्हणाली, शिवणारीने मायेनेच शिवलं असेल ना, मग राहू द्या. मुलगी वाचली, गं! परवा पेढे घेऊन आली होती सगळी. काय गाल आहेत! ह्यांची मिशी अशी धरली की सोडवताना दोन माणसं लागली. तेव्हापासून आम्ही दोन चळती करतो. जाणाऱ्यांसाठी पाठीवर उघडी, राहणाऱ्यांसाठी पुढून उघडी, नळ्यांची सोय व्हावी म्हणून. रविवारी तुझ्या अंगावर दोन्ही पडल्या.

आता ज्यासाठी एवढं पुराण लावलं, ते. गेल्या महिन्यात तू विश्वजीतला विचारलंस, जाताना आपल्या मुलीच्या अंगावर काय होतं. त्याला सांगता आलं नाही. तो तेव्हा तुझ्यासाठी रक्त आणायला धावला होता, आणि तू शुद्धीवर नव्हतीस. सिस्टरांनी कपडे मागितले. आपल्याकडे काहीच नव्हतं, जन्माआधी कुणी आणतच नाही. मग मी त्यांची कात्री घेतली आणि अंगावरच्या साडीचा पदर कापला. ती निळी सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली, जी फरशी पुसायला काढा म्हणून तू माझ्या मागे लागायचीस. त्यात तिला गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसले. नाक अगदी तुझं होतं. ती उघडी गेली नाही, चैताली, आजीच्या पदरात गेली. उरलेली साडी मी जपून ठेवली आहे. तिचं मला दुपटं शिवायचंय, आत्ताच, बाळ यायच्या आधी. मला या बाळाची वाट चोरून नाही, उघड उघड, गाणी म्हणत बघायची आहे. पण तू हो म्हटल्याशिवाय मी कात्री लावणार नाही. आणि यात अपशकुन कसला? ताईचं धाकट्याला होतंच की घरोघरी.

तुझीच, मशीनला तेल घालून बसलेली,
आई