हे नाव प्रथम कोणी वापरले?

भाग्यनगर, नांदेड
दि. १२ जून २००४

ती. वसंतमामांना सौदामिनीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. फोनच करणार होते, पण तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आलं तरी फोनवरचं बोलणं पुराव्यात धरत नाहीत म्हणून तुम्ही तो ठेवून देता. तेव्हा ही लेखी तक्रार समजा.

राघवेंद्रदादाने चौदा पानांचा करार पाठवलाय. सोबत एका ओळीची चिठ्ठी, की सौदा, सही करून लवकर परत कर, बाकीच्या अकरा गावांना नांदेडचा नमुना दाखवायचा आहे. करार तुम्ही लिहिलाय हे पहिल्या पानावरच ओळखलं. 'उक्त' हा शब्द लातुरात आता तुमच्याशिवाय कोण वापरतं? मी मोजलं. 'उक्त नाम' चौतीस वेळा आलंय आणि 'मनस्विनी' एकदाच. दादाची सहा वर्षांची मनू भूकंपात गेली आणि दहा वर्षांत तिचं 'उक्त' झालं.

मामा, मी थकले हो. सकाळी सहाची बॅच, संध्याकाळी दोन, मधल्या वेळात घर. चौदा पानं तीनदा वाचली. कळलं ते एवढंच, की माझा क्लास आता दादाच्या मनस्विनी क्लासेसची फ्रँचाइझ होणार. मी लिहिलेल्या गणिताच्या वह्या 'उक्त संस्थेच्या' होणार. करार संपला तर दोन वर्षं नांदेड जिल्ह्यात शिकवायचं नाही. मुलं गुणांच्या क्रमाने बसवायची, हुशार पुढे. आणि तास सुरू झाला की दार बंद.

हे दाराचं मला फार लागलं. किल्लारीकडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरं गोळा केली तेव्हा जमीन अधूनमधून हलायचीच. जे पोर जास्त भ्यायचं ते दाराजवळ बसायचं, म्हणजे पळता येईल. तेव्हापासून माझ्याकडे दाराजवळचा बाक भिणाऱ्यांचा आहे. त्यावरच्या मुलाने न विचारता बाहेर जावं, वाटलं की परत यावं. इथल्या मुलांना भूकंप ठाऊक नाही, पण त्रिकोणमितीला ती तेवढीच भितात. अर्धापूरला केळीच्या बागेत कामाला जाणारी रुक्मिणबाई तिच्या मुलीला, राजकन्येला, घेऊन आली, तेव्हा म्हणाली की पोरगी लई हुशार हाय, पण वर्गात बसायचं म्हटलं की रडून राहती. राजकन्या दोन महिने दाराजवळ होती, आता कुठे आतल्या बाकावर सरकली आहे.

फ्रँचाइझ म्हणजे कायद्याने नेमकं काय, ते सांगा. दादाचे वकील म्हणून नको, माझे मामा म्हणून सांगा. मामींना नमस्कार. लोभ आहेच, त्याला करार नको.

तुमची,
सौदामिनी

---

लातूर
दि. २१ जून २००४

चि. सौ. सौदामिनीस वसंतमामाचे अनेक आशीर्वाद.

'उक्त'ची तक्रार मंजूर. खरं सांगायचं तर एकदा 'मनस्विनी' लिहिलं आणि पुढे हात चालेना. कायद्याच्या भाषेचा एवढा तरी उपयोग असतो, माणसाला तिच्या आड उभं राहता येतं.

फ्रँचाइझ हा जुना फ्रेंच शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ मोकळीक. राजा कुणाला बाजार भरवायची, कुणाला होडीने माणसं पैलतीरी न्यायची मोकळीक द्यायचा, तिला हा शब्द होता. पुढे शिवणयंत्रांचे, मोटारींचे, शीतपेयांचे कारखानदार आपलं नाव आणि आपली रीत दुसऱ्याला वापरायला देऊ लागले आणि शब्द त्यांच्या हाती गेला. आता मी त्याच शब्दाखाली चौदा पानं भरून तुला काय काय करता येणार नाही ते लिहिलंय. मोकळीक म्हणे!

निजामाच्या अमदानीत तुझ्या आजोबांनी मक्त्याची कागदपत्रं पुष्कळ लिहिली. मक्ता घेतला, रक्कम भरली, की पुढे कसं चालवता ते कोणी विचारत नसे. फ्रँचाइझ तशी नव्हे. इथे देणारा नुसतं नाव देत नाही, त्या नावाखाली काय चाललंय ते बघायचा हक्क स्वतःकडे ठेवतो. आणि सौदा, तो नुसता हक्क नाही, जबाबदारी आहे. ज्याने नाव दिलं आणि मग कधी फिरकून पाहिलं नाही, त्याचं त्या नावावरचं म्हणणं दुबळं होत जातं. हा या कायद्याचा गाभा, बाकी सगळं टरफल.

आपल्या देशात फ्रँचाइझचा वेगळा कायदाच नाही. करार कायदा आणि ट्रेडमार्कचा कायदा यांना टाके घालून आम्ही वकील काम भागवतो. कायद्यात या शब्दाची व्याख्या मला प्रथम दिसली ती गेल्या वर्षी, सेवाकरात. त्याच दिवसापासून क्लासेसवरही तो कर लागला. म्हणजे कर बसवायचा म्हटल्यावर सरकारला फ्रँचाइझ आणि क्लास दोन्ही एकदम दिसले.

दोन वर्षं न शिकवण्याचं कलम कोर्टात टिकणार नाही. करार कायद्याचं सत्ताविसावं कलम अशी बंदी मानत नाही. ते नुसतं धाक घालायला आहे, आणि मीच घातलंय. वह्या मात्र आज तुझ्या आहेत, सही केलीस की नाहीत.

तुझी वहिनी मुग्धा तुझी आठवण काढते. दहा वर्षांत ती क्लासची पायरी चढलेली नाही, तुला ठाऊकच आहे. रस्त्यात क्लासची जाहिरातपत्रकं पडलेली दिसली की उचलून घरी नेते. परवा त्याच कागदात भजी बांधून आली. तिने तो कागद धुतला आणि दोरीवर वाळत घातला. राघवेंद्र बघत होता.

तब्येतीला जप. मामाची आठवण अशीच भांडत ठेव.

तुझा,
वसंतमामा

---

नांदेड
दि. ३० जून २००४

ती. मामांना सौदामिनीचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून कळलं सगळं, आणि कळल्यावर जास्तच दमायला झालं. धुतलेल्या कागदाचं लिहिलंत ते वाचून नंतरच्या बॅचला मी शिकवू शकले नाही. मुलांना गणितं घालून नुसती बसून राहिले.

शनिवारी दादाचा व्यवस्थापक आलोक तपासणीला आला होता. मुलगा वाईट नाही, नमस्कार करतो, चहाचा कप स्वतः विसळतो. त्याने पाटी मोजली, अक्षरांचा रंग लातूरच्या रंगाशी ताडून पाहिला, दाराजवळचा बाक उचलून मागे नेला आणि तास चालू असताना दार लावून घेतलं. राजकन्या तेव्हा आत होती. पाचव्या मिनिटाला उठली, दप्तर तिथेच टाकून गेली. चार दिवस झाले, आली नाही. रुक्मिणबाईकडे निरोप धाडला तर तिचं उत्तर आलं की पोरीला आता जमत न्हाई बाई, राहू द्या.

सही करावीशी वाटत नाही. पण सही केली नाही तर दादाचं नाव वापरता येणार नाही, असंच ना? मनूचं नाव माझ्या हाताने पुसायचं म्हणजे फार झालं, मामा. दुसरी वाट असेल तर सांगा.

बाकी ठीक. तुमची माया आटू नये, एवढं मागते.

सौदामिनी

---

लातूर
दि. ८ जुलै २००४

चि. सौ. सौदामिनीस आशीर्वाद.

वाट आहे. ती दाखवावी की नाही, यात माझा आठवडा गेला.

गेल्या सप्टेंबरपासून नव्या कायद्याने क्लाससारख्या सेवांची नावंही नोंदवता येतात. राघवेंद्रने नोंदणीचा अर्ज माझ्याकडे दिला. त्यात विचारलंय की हे नाव केव्हापासून वापरात आहे. राघवेंद्र म्हणाला, जानेवारी चौऱ्याण्णव लिहा, कागद जोडायला काहीतरी शोधा. मी जुनी ट्रंक उघडली आणि तुझं पोस्टकार्ड सापडलं. त्यावर औशाचा शिक्का आहे, तारीख स्पष्ट आहे. तू लिहिलं होतंस:

'मामा, काल शेडवर पाटी लावली. पत्र्यावर चुन्याने मीच लिहिली, मनूचं नाव दिलं. बावीस पोरं आली. दादा अजून भिंतीकडे तोंड करून पडून असतो, कुणाशी बोलत नाही. कुणी विचारलं तर क्लास दादाने काढलाय असंच मी सांगते आहे. तुम्हीही तेच सांगा. निदान तेवढ्यासाठी तरी उठेल.'

कायदा सांगतो, ज्याने नाव आधी वापरलं त्याचा हक्क, मागाहून नोंदणी करणाऱ्याहून वरचा. तुम्ही नवराबायको पंच्याण्णव साली नांदेडला गेलात तेव्हा लातूरकडचा क्लास तू त्याच्यावर सोडलास, नाव सोडलंस असा कागद कुठेही नाही. म्हणजे या चौदा पानांत देणारा आणि घेणारा मी उलटे लिहिलेत. नाव तुझं. राघवेंद्र तुझ्या परवानगीने ते चालवतोय.

मी त्याचा वकील आहे, हे तुला सांगणं माझ्या धंद्याला शोभणारं नाही. म्हणून त्याची फाइल त्याला परत करतोय आणि पोस्टकार्ड सोबत तुला पाठवतोय. ते तुझंच अक्षर आहे. वापरायचं की नाही, ते तू ठरव. शेवटची ओळ मात्र पुन्हा एकदा वाच.

म्हातारपणी असली कामं अंगावर येऊ नयेत. आशीर्वाद आहेतच.

वसंतमामा

---

नांदेड
दि. १५ जुलै २००४

ती. मामांना सौदामिनीचा शि. सा. नमस्कार.

पोस्टकार्ड परत पाठवते आहे. पुन्हा ट्रंकेत टाका, नाहीतर चुलीत घाला. अर्जात दादाचं नाव लिहा.

शेवटची ओळ वाचली. ती लिहिली होती हे मी विसरले नव्हते, मामा. क्लास आपण काढलाय, पोरं आपली वाट बघतायत, एवढं धरून तो उठला. अकरा गावं, फलक, आलोक, हे सगळं त्यावर उभं आहे. ती त्याच्या पायाखालची जमीन आहे. एकदा हलली ती पुष्कळ झाली, मी पुन्हा हलवणार नाही.

पण सहीही करणार नाही. पुढच्या रविवारी, पंचवीसला, चन्नबसप्पा रंगारी येतोय. पाटी पुसून नुसतं 'गणिताचा क्लास' लिहायला सांगितलंय. आलोक गेल्यावर बाक मी परत दाराजवळ आणला होता, मग स्वतः अर्धापूरला जाऊन आले. राजकन्या परवा आली. आधी दार उघडं आहे का ते बघितलं, मग बसली. मला माझ्या वह्या आणि तो बाक पुरे.

तुम्ही लिहिलं होतं की देणाऱ्याने फिरकून पाहिलं नाही तर त्याचा हक्क दुबळा होतो. नऊ वर्षांत मी दादाच्या क्लासवर एकदाही गेले नाही. एस.टी. लातुरात शिरली की फलकांवर मनूचं नाव दिसायला लागतं आणि मी खिडकीतून मान फिरवते. तेव्हा कायद्यानेही मी हरलेच म्हणा.

दादाला काही सांगू नका. माझ्यावर रागावलात तरी पत्रं थांबवू नका.

सौदामिनी

---

लातूर
दि. २० जुलै २००४

चि. सौदास राघवेंद्रचे आशीर्वाद.

पाटी पुसू नकोस. हे पत्र आलोकच्या हाती देतोय, पोस्टाच्या भरवशावर रविवारच्या आत पोचायचं नाही.

मामांनी फाइल परत केली. अर्जात सगळं भरलेलं, फक्त नाव केव्हापासून आणि कोणी वापरलं तेवढं कोरं. कारण विचारलं तर ऐकू येत नाही म्हणाले. तू रविवारी पाटी पुसते आहेस एवढंच सांगून उठले. मग ती कोरी जागा मी भरली. सौदामिनी, जानेवारी १९९४.

सौदा, मी बोलत नव्हतो, पण मला ऐकू येत होतं. तहसीलचा माणूस आला तेव्हा तू दाराशी उभी राहून त्याला सांगत होतीस की क्लास दादाने काढलाय, जरा कसर आहे अंगात, उद्या येतील शिकवायला. दुसऱ्या दिवशी कोणी आईबाप आले, त्यांना तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मनूचं नाव ऐकून नाही उठलो मी. तू आणखी किती दिवस खोटं बोलणार याची काळजी वाटली, म्हणून उठलो.

हे तुला कधी सांगितलं नाही. आधी लाज वाटायची, मग सवय झाली, मग माहितीपत्रकावर 'संस्थापक' छापून आलं आणि मी ते तसंच राहू दिलं. दहा वर्षं लोकांसमोर उभं राहायचं तर पायाखाली काहीतरी लागतं. तुला हे कळेल असं वाटतं. नाही कळलं तरी माझी तक्रार नाही, मीही फार दमलोय.

अकरा गावांपैकी आठ जणांना शब्द देऊन बसलोय, तो मोडता येणार नाही. त्यांना वेगळं नाव देणार. आलोक रुसलाय. मनूच्या नावाच्या पाट्या दोनच राहतील, तुझी आणि माझी. मामा नवीन करार लिहितायत, तू देणार, मी घेणार, दीड पानाचा. त्यांना 'उक्त' लिहायची मनाई केली आहे.

परवा दाराजवळ एक बाक टाकून घेतला. दार उघडंच ठेवतो, रस्त्याचा आवाज येतो, येऊ दे. काल दुपारच्या तासाला फळ्याकडे पाठ केली तर मुग्धा त्या बाकावर बसलेली होती. कधी आली ते मला कळलंच नाही. मी गणित पुढे चालू ठेवलं. ती दोनदा उठून बाहेर गेली आणि दोन्ही वेळा परत आली. तास संपेपर्यंत बसली होती.

मामा म्हणतात, नाव ज्याचं त्याने देखरेखीला यायलाच पाहिजे, नाहीतर हक्क जातो. नऊ वर्षांची बाकी आहे तुझी. फलक बघून तू मान फिरवतेस, तेही शेवटी त्यांच्याकडूनच कळलं; एस.टी.त डाव्या बाजूला बस, त्या बाजूचे फलक मी काढून घेतलेत. उजवीकडचे तू आल्यावर.

वाट बघतो आहे, हे तुला लिहायची पहिलीच वेळ. माया असू दे.

तुझा दादा,
राघवेंद्र