निवांत मॉनिटर काढून टाकण्याबाबत

३ मार्च, सकाळ
साहेबांनी बोलावलं. एका टूलची माहिती लिहायची आहे. टूल नेटवर्कवरचे मॉनिटर डिलीट करतं. मॉनिटर म्हणजे आमचा पहारेकरी. एकेका यंत्राला दर मिनिटाला ‘जागं आहेस का?’ विचारतो, उत्तर आलं नाही की घंटा वाजवतो. हे टूल आता माणूस नाही, एआय एजंट चालवणार. माझं लिखाण वाचणार आणि अगदी तसंच वागणार. चला, माझं ऐकणारं कुणीतरी भेटलं!
नीट जमलं तर विभागप्रमुखाच्या खुर्चीसाठी माझा विचार करणार म्हणाले. बावीस वर्षं वाट बघतोय. अर्ध्या दिवसाचं काम. उद्याच देतो म्हणालो.

७ मार्च
सुरुवात नाही. खुर्चीचं चाक करकरतं. त्यात काय डोंबल सुचणार?

१० मार्च
एका बैठकीत अकरा पानं! पहिली चार नुसती पार्श्वभूमी.
शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीने वाचलं. अनुभव दीड वर्षाचा, आणि मला विचारते, डिलीट केलेलं परत येतं का, ते कुठे लिहिलंय? म्हटलं, येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. एजंटला कुठे माहीत आहे, म्हणाली. फारच शिष्ट.

१० मार्च, संध्याकाळ
बायकोला वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर तिला डुलकी. हिचं औषधांचं दुकान. जागी झाल्यावर म्हणते, आमच्या बाटलीवर तीन ओळी असतात. कशासाठी, किती, आणि पोटात घेऊ नये. तुझ्या अकरा पानांत ‘घेऊ नये’ कुठाय?
नकाराने लिखाणाचा सूर बिघडतो, हे तिला कोण समजावणार. तरी तिच्या समाधानासाठी एक ओळ वाढवली: ‘जो मॉनिटर बरेच दिवस निवांत पडून आहे, काही बोलत नाही, तो निःसंकोच काढून टाकावा.’ झकास जमली.

१२ मार्च
साहेबांनी प्रिंटची जाडी बघितली आणि मंजूर केलं. कदर आहे माणसाला.

१३ मार्च, दुपारी ४
एजंट सकाळी कामाला लागला. तेव्हापासून एकही घंटा नाही! इतकी शांतता या ऑफिसात कधी ऐकली नव्हती. चष्मेवाली कपाळाला आठ्या घालून स्क्रीनकडे बघत होती. जळते.

१४ मार्च
आजही शांत. प्रमुखाच्या केबिनमधल्या खुर्चीत बसून बघितलं. करकरत नाही.

१५ मार्च, सकाळी ११
घोटाळा. एका गोदामाचं नेटवर्क कालपासून बंद, आणि आम्हाला पत्ताच नाही! शेवटी त्यांनीच फोन केला, तोही शिव्यांसकट. एजंटला जाब विचारला. उत्तर अगदी नम्र. निवांत पडून असलेले दोनशे बारा मॉनिटर सूचनेप्रमाणे काढले. निःसंकोच.
अरे बाबा, सगळं ठीक होतं म्हणून ते गप्प होते! एवढं साधं मी लिहायला हवं होतं का?

१८ मार्च
तीन दिवस मी आणि चष्मेवाली मॉनिटर हाताने परत भरतोय. तिचे एकशे साठ, माझे बावन्न. पैकी तीन चुकले, पण चाक करकरतं.
मधल्या वेळात तिने माहिती नव्याने लिहिली. पाच ओळी! मॉनिटर कायमचा जातो, परत येत नाही. शांत आहे म्हणजे बिनकामाचा आहे असं नाही. एका वेळी एकच काढा. आधी मॉनिटरचं नाव सांगून माणसाला विचारा. ‘हो’ आल्याशिवाय हात लावू नका.
बायकोला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, या मुलीला आमच्या दुकानात पाठव.

२० मार्च
मीटिंग. खुर्ची चष्मेवालीला मिळाली. तुम्हाला काही बोलायचंय का, असं साहेबांनी मला विचारलं. काही सुचेना. मग त्यांनी माझी अकरा पानं उघडली आणि मोठ्याने वाचलं, ‘जो बरेच दिवस निवांत पडून आहे, काही बोलत नाही...’ आणि थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुढचं मला पाठ होतं.
तेवढ्यात चष्मेवाली म्हणाली, शांत आहे म्हणजे बिनकामाचा आहे असं नाही. आणि एजंट विचारेल तेव्हा उत्तर द्यायला माणूस लागेलच. यांना राहू द्या.
राहिलो.

२० मार्च, दुपारी ३
एजंटचा पहिला प्रश्न आला. गोदामाचा मॉनिटर काढू का?
चार पानांची पार्श्वभूमी मनात तयार होती. ‘नाही’ एवढंच लिहिलं.