समुद्राची ओटी

गुहागर, सोमवार

माय,
राखीचा नमस्कार. मी अन् बाबा दोघंही खुशाल आहो, हे आधी वाच. फोनवर तू माह्या आवाजावरून ओळखशील, म्हणून लिवून राह्यली. गाडी बंद पडली, आनखी दोन दिवस गॅरेजात राहीन. कारंज्याचे पारसभाऊ इथं भेटले, ते आजच निघाले. चिठ्ठी त्यायच्याच हाती देऊन राह्यली.

गाव लय सुंदर आहे व. नारळाच्या बागा, अन् समोर समुद्रच समुद्र. आपल्या कोरड्या नदीत लावतात तशी बाबानं गाडी थेट वाळूवर लावली. मी म्हणलं, "पाणी आलं तं?" तं म्हणे, "आभाळ कोरडं आहे, पाणी कुठून येईन?"

जेवून आलो तं चाकं बुडालेली. लोकं ओरडले, "काका, भरती आलीय, मागे फिरा!" बाबा कायचे आयकतात! कमरेइतक्या पाण्यात घुसले. एक लाट आली अन् मले नुसती टोपी दिसली. मंग वर आले ते हातात गाडीतली पिशवी धरून. समुद्राची ओटी भराले तू खण-नारळ देला होता ना, तीच.

आता बरे आहेत. चहा घेतला.

मी म्हणलं, "मायच्या नावानं आता इथंच सोडू ओटी." तं भडकलेच. "तिची ओटी तीच भरीन. गाठीचा रिपोर्ट काय यायचा तो येऊ दे, मी तिले इथं आणतो."

रिपोर्ट आला का व, माय?

खण वाळत घातला आहे. बाबा त्याच्यापाशीच बसून आहेत.

तुही,
राखी