सोप्यातले तीन कॉम्प्युटर

११ सप्टेंबर १९९८, आष्टा
जयराजने पुण्याहून गुळाच्या परतीच्या टेम्पोतून तीन जुने कॉम्प्युटर पाठवले. ऑफिसात नवे आले, हे टाकवेनात म्हणे. मुलगा माझ्यावर गेला. घराच्या पुढच्या सोप्यात ओळीने मांडले. ध्यानस्थ ऋषीच जणू!
आमच्या सौ. शालूने विचारले, ह्येंचा उपेग काय? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपली लेक संयोगिता बाळंतपणाला येणार, तिची खाट सोप्यातच पडणार. तवर एक तरी उपेग दाखवा, न्हाईतर तिन्ही भाईर.
एक? दहा दाखवीन.

१३ सप्टेंबर, सकाळ
उपयोग पहिला: माझा कवितासंग्रह. फळ्यावर लिहून पुसल्या गेलेल्या ओळी आता अमर होणार. मशीनला मराठी येत नाही. हरकत नाही. इंग्रजी अक्षरांत 'शरदाचे चांदणे' टाइप करायला बसलो.

दुपार
चार ओळी झाल्या आणि लाइट गेली. मग लाइट आली. कविता आली नाही.

१८ सप्टेंबर
पडद्याचा डबा वरून झकास तापतो. दही लावायला उत्तम! शालू माहेरी गेलेली, तेही बरे. पातेले ठेवले. ऊब घ्यायला मांजर नेमके तिथेच चढले. दूध जाळीतून आत. फट्ट! धूर.
शेजारचा केरबा धावत आला. मास्तर, आवं शिजवताय काय? दही, म्हणालो. तो म्हणाला, दह्याला धूर कवापास्नं निघाया लागला?
अडाणी माणूस.

२४ सप्टेंबर
आज फक्त विचार करायचा असे ठरवले. जेवणानंतर आडवा होऊन केला. जाग चहाच्या वेळी आली.

३० सप्टेंबर, खंडेनवमी
सुचले! आज हत्यारांची पूजा. पूजलेली वस्तू शालू भंगारात घालणार नाही, देवाला भिते. विळा, खुरपे, शिलाई मशीन यांच्या पंगतीला तिन्ही बसवले. तिने मुकाट्याने हळदकुंकू वाहिले, झेंडू ठेवला. जळक्याला दोन फुले.
जिंकलो! त्या भरात वर्गातले माझे दसऱ्याचे भाषण तिला ऐकवले: शस्त्रे पूजून वीर दुसऱ्या दिवशी गावची सीमा ओलांडत... लग्न झाल्यापासून प्रथमच तिने माझे भाषण शेवटपर्यंत ऐकले.

१ ऑक्टोबर, दसरा
दुपारी उठलो तर सोपा रिकामा. खाट पडलेली. शालू तांदूळ निवडत होती. म्हणाली, आवं, आज शिलंगण न्हाई व्हय? पूजलेली हत्यारं गेली शिवंभाईर, केरबाच्या गाडीतनं. तुमीच सांगितलं की काल.

संध्याकाळी आपट्याची पाने आणण्याच्या निमित्ताने शिवेबाहेरच्या आमच्या रानात गेलो. वैरणीच्या गंजीवर ताडपत्री. तिच्या तीन कोपऱ्यांवर माझे तिन्ही कॉम्प्युटर, कपाळी कुंकू. एक घरी न्यावा म्हणून उचलला. ताडपत्री फाडकन उडाली. गपचूप परत ठेवला.
चौथ्या कोपऱ्यावर दगड आहे. जयराजला कळवतो, आणखी एक निघाला तर पाठव.