हर्मिनियाबाईंच्या खिडकीचे शटर

तीर्थरूप बाबांस, स्पेनमधील सालामांकाहून मृण्मयीचा नमस्कार.

मी सुखरूप आहे. राहण्याच्या मोबदल्यात मी ज्यांना सोबत करते, त्या हर्मिनियाबाई नव्वदीच्या आहेत. सकाळी नऊला त्यांच्या खिडकीचे शटर वर गेले, की समोरच्या एन्कार्नाबाई निश्चिंत होतात.

सोमवारी अभ्यासाच्या नादात मी ते उघडायला विसरले. एन्कार्नाबाई किल्ली घेऊन धावत आल्या.

"मला वाटलं, म्हातारी गेली."

"गेले असते, पण कपाटं तूच उचकशील ना," हर्मिनियाबाई अंथरुणातूनच म्हणाल्या.

दोघी हसल्या. तेव्हापासून मी मात्र रोज सकाळी हर्मिनियाबाईंच्या दाराबाहेर श्वास ऐकत उभी राहते.

आजी गेली त्या सकाळी खोलीत प्रथम तुम्हीच गेला होतात. तेव्हा काय केलेत, ते कृपया सविस्तर लिहावे. आईला हे वाचून दाखवू नये.

आपली,
मृण्मयी